सैनिकी वैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी घोड्यांसोबतचा आठ आठवड्यांचा उपक्रम : मराठवाड्यात कसा उभा करावा?

हर्सूल_सावंगी

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीपासून गाडीने अर्ध्या तासावर दोन एकर जागा आहे, बोअरला बेताचं पाणी आहे. तिथे लष्करी वैद्यकीय सेवेतल्या लोकांसाठी घोड्यांसोबतचा एक उपक्रम सुरू करायचा आहे. परिचारिका, नर्सिंग असिस्टंट, अ‍ॅम्ब्युलन्स असिस्टंट, डॉक्टर. सेवेतले आणि निवृत्त, दोन्ही. आठवड्यातून एकदा दीड तास, असे आठ आठवडे. गटात सहा जण, घोडे चार. स्वारी शिकवायची नाही, जमिनीवर उभं राहूनच सगळं काम.

जखमी जवानाचा विचार होतो आणि तो व्हायलाच हवा. पण त्याला उचलून आणणारा आणि रात्रभर त्याच्या खाटेशी उभा राहणारा माणूस राहून जातो. त्याच्यासाठी हे करायचं आहे.

घोडे कुठून आणि कसे निवडावेत, रिंगण कसं बांधावं, पहिल्या दिवशी नेमकं काय करावं आणि काय करू नये, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावं.

मनोमित्र

घोडे आणि रिंगण नंतर. आधी याला म्हणणार काय ते ठरवा.

‘थेरपी’ हा शब्द फलकावर लिहिलात की तो उपचार होतो. मग पात्र मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ हवा, नोंदी हव्यात, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली गोपनीयता पाळायला हवी. सेवेतल्या माणसाच्या मनात याहून मोठा प्रश्न असतो. लष्करात वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरांवर ठरते आणि त्यातला पहिला एस मानसिक स्थितीचा. आपलं नाव कुठल्या मानसोपचाराच्या कागदावर चढलं तर श्रेणी खाली जाईल, बढती अडेल, ही भीती त्याला असते. ही पद्धत इतरांपेक्षा वैद्यकीय कर्मचाऱ्यांना जास्त ठाऊक, कारण ते कागद तेच भरतात. म्हणून उपक्रम ‘स्वास्थ्यासाठी’ म्हणून चालवा, त्यात उपचार करू नका, आणि हा फरक पहिल्याच दिवशी लेखी द्या. ज्याला उपचाराची गरज दिसेल त्याला वेगळ्या वाटेने पुढे पाठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सर्वांसाठी आहे. सशस्त्र दलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात) डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. दोन्ही गोष्टी भिंतीवर ठळक लावा.

पुराव्याबद्दलही नीट बोललं पाहिजे. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास बहुतेकांना माहीत असेल. आघातोत्तर ताण असलेले ६३ माजी सैनिक, दर आठवड्याला ९० मिनिटं, आठ आठवडे, घोड्यावर न बसता. लक्षणं कमी झाली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय ते माजी सैनिक होते; परिचारिका आणि वैद्यकीय सहायकांबद्दल त्यावरून थेट निष्कर्ष काढता येत नाही. तेव्हा माहितीपत्रकात ‘ताण जातो’, ‘झोप लागते’ असलं काहीही छापू नका.

भरतीआधीची चाळणी मात्र कडक ठेवा. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घ्या आणि नववा प्रश्न, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, त्याच दिवशी, तो माणूस घरी जायच्या आत बघा. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही असेल तर तज्ज्ञ त्याच्याशी एकट्याने बोलेल. करुणेचा थकवा, म्हणजे दुसऱ्याचं दुःख सतत पाहून येणारा थकवा, मोजायला ३० प्रश्नांची प्रोक्वॉल प्रश्नावली चांगली. पहिल्या आणि आठव्या आठवड्यात घ्या. कागदावर नाव नको, सांकेतिक क्रमांक. जिवाला धोका दिसला तर गोपनीयता मोडावी लागेल, हे संमतीपत्रात मोठ्या अक्षरांत असू द्या.

सध्या नको कोण? सक्रिय आत्महत्येचे विचार असलेले, भ्रम-भास असलेले, नुकतीच फिट येऊन गेलेले, गुंगीच्या गोळ्यांचा डोस नुकताच सुरू झालेला किंवा बदललेला. गरोदर महिलांनी घोड्याजवळचं काम टाळावं. कुंपणाबाहेरच्या निरीक्षणाला हरकत नाही.

काळी_माती

रिंगणाबद्दल लिहितो.

आपल्याकडच्या काळ्या जमिनीवर थेट रिंगण आखलं तर पहिल्या पावसात घोडा गुडघ्याएवढा रुतेल आणि उन्हाळ्यात भेगांत खूर अडकेल. रेगूर भिजली की फुगते, वाळली की फाटते, तिच्यावर काहीही टिकत नाही. वरची ९ इंच ते १ फूट माती काढून टाकायची, तळाला एका बाजूला १ ते २ टक्के उतार द्यायचा आणि मुरूम भरून रोलर फिरवायचा. मुरूम एकदम ओतू नका. ३-३ इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून दाबा. त्यावर २ इंच धुतलेली बारीक वाळू.

हिशेब असा : ६० फूट व्यासाचं गोल रिंगण म्हणजे साधारण २,८३० चौरस फूट. ९ इंच मुरूम म्हणजे २१ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबल्यावर बसतो म्हणून २५ ब्रास मागवा. वाळू ५ ब्रास पुरते. नदीची वाळू मिळणं अवघड आणि महाग. क्रश सँड चालेल, पण धुतलेली घ्या, नाहीतर तिची भुकटी घोड्याच्या आणि माणसाच्याही छातीत जाते. जास्त मऊ व्हावं म्हणून ५-६ इंच वाळू टाकायचा मोह होतो. तो टाळा. खोल वाळूत घोड्याच्या पायाच्या शिरा ताणतात.

कुंपण ५ फूट उंच, लाकडी किंवा पाइपचं. काटेरी तार अजिबात नको, शेताची जुनी तार असेल तर आधी ती गुंडाळून हलवा. फाटक बाहेर उघडणारं, ४ फूट रुंद. आणि दर १५-२० फुटांवर माणसाला आडवं होऊन निसटता येईल अशी खालची एक फट ठेवा.

पाण्याचं गणित आत्ताच मांडा. चार घोडे उन्हाळ्यात प्रत्येकी ५० लिटर पितात, ते झाले २००. अंग ओलं करायला, हौद धुवायला, धूळ बसवायला आणखी तेवढंच. दिवसाला ४०० लिटर. २,००० लिटरची टाकी पाच दिवस जाते. बोअर फेब्रुवारीतच खाली जाणाऱ्या गावात जागा असेल, तर टँकरची सोय झाल्याशिवाय मार्चनंतरचा गट घेऊच नका.

लोह्याचा_नालबंद

घोडं कुठून घ्यावं, यावर बोलतो. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत येऊन बघा. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवसवारी निघते, तवा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, नुकरा, समदं येतं. पण यात्रेतलं घोडं पाहताना या कामाचा हिशेब निराळा.

तुमाला पयलं कुणी दाखवंल ते वरातीचं घोडं. फटाके वाजले, बँड वाजला, तरी हलत नाही, लहान लेकरू पोटाखालून गेलं तरी गप. घेणारा म्हणतो, एवढं शांत घोडं दुसरं नाही. जरा थांबा. कान बघा. शांत घोड्याचे कान फिरत राहत्यात, एक इकडं, एक तिकडं. डोळ्याभोवतीची कातडी ढिली असती. शेपटी मोकळी हलती. मार खाऊन गप झालेल्याचे कान एकाच जागी, नजर कुठंच नाही, अंगावर हात ठेवला तर कातडी दगडावानी. ते घोडं शांत नाही, त्यानं आशा सोडलीय. असलं घोडं एक दिवस अचानक फुटतं, आणि त्याच्याआधी कुठलीच खूण देत नाही.

दुसरं, तोंड उघडून बघा. जिभेवर आडवा व्रण, दातांच्या मोकळ्या जागेवर गाठ, ही काटेरी लगामाची निशाणी. तसल्या लगामाला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी सापडतो. व्रण हाय म्हणून घोडं टाकूच नका, पण तोंडाला हात लावू देतंय का ते बघा. तुमाला लगाम लावायचाच नाही, नुस्ती मोहोरकी, म्हंजे तोंडात लोखंड नसलेली दोरीची.

वय ८ ते १६ चांगलं. पाच वर्षांचं झालं की दात पुरते येत्यात, त्याच्या आतलं जनावर या कामाला कच्चं. कडक जमिनीवर दुडकीनं पळवून बघा. मान दर पावलाला वर झटकत असंल तर पुढच्या पायात दुखणं हाय. चारी खूर उचलून बघा, दोन मिनिटं उभं राहिलं पाहिजे.

अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यावरनं शुभ-अशुभ बघत्यात, त्याचा विचार करू नका. भोवरा खोटा म्हणून ज्याचा भाव पडलाय, त्यातच कधीकधी तुमच्या कामाचं सोनं मिळतं. नुकरा घेतलाच तर त्याची कातडी गुलाबी असती, आपल्या उन्हात नाकाडावर फोड येत्यात. सावली लागती त्याला.

आणि अगाडी-पिछाडी बांधून ठेवलेलं घोडं माणसाला काय सांगणार? ती दोरी इथं सोडून द्या.

शुश्रूषा

नालबंददादांनी वरातीच्या घोड्याबद्दल जे लिहिलं आहे ते छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे. आपल्या गटातल्या माणसांनाही तेच लागू होतं. अतिदक्षता विभागात चौदा तास काम करून ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्या परिचारिकेचा चेहराही असाच निर्विकार दिसतो आणि वरिष्ठ तिला कणखर म्हणतात. व्यावसायिक थकव्याचे तीन भाग धरतात : भावनिक रितेपण, समोरच्याला माणूस म्हणून न बघता ‘बेड नंबर सात’ म्हणून बघणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. यातला दुसरा भाग बाहेरून शांतपणासारखा दिसतो. गट निवडताना सगळ्यात गप्प माणसाकडे जास्त लक्ष द्या.

आता व्यवहाराच्या गोष्टी.

रात्रपाळी करून आलेल्याला त्या दिवशी दोर हातात देऊ नका. झोप न झालेल्याचा हात उशिरा हलतो, रक्त कुणाला किती वेगाने द्यायचं हे त्याला सवयीने जमेल, पण बिचकलेल्या घोड्यापासून एक पाऊल बाजूला होणं सवयीने जमत नाही. वेळापत्रक आखतानाच मेट्रन किंवा वॉर्ड मास्टरकडून पाळ्यांचा तक्ता मागून घ्या.

गणवेश नको, नावाची पट्टी नको, छायाचित्रं नकोत. फोन कुंपणाबाहेरच्या पेटीत. सेवेत असलेल्यांसाठी त्यांच्या रुग्णालयाच्या कमांडंटची लेखी परवानगी आधी घ्या, पण परवानगीच्या पत्रात व्यक्तींची मानसिक माहिती जाणार नाही हे त्याच पत्रात स्पष्ट करून घ्या.

हुद्द्याचं काय करायचं यावर बरेच लोक भाबडे असतात. ‘इथे कुणी साहेब नाही’ असं जाहीर केल्याने शिपायाच्या तोंडचं ‘सर’ सुटत नाही आणि ‘मॅडम’ही सुटत नाही. अधिकारी आणि जवान यांचे गट वेगळे ठेवा. निदान एकाच वॉर्डातले, एकमेकांचा वार्षिक अहवाल लिहिणारे-लिहून घेणारे लोक एका रिंगणात नकोत.

काळी_माती

एक सुचवू का? ही सगळी हातात कौशल्य असलेली माणसं आहेत. घोड्यांच्या छोट्या जखमा धुणं, पट्टी बांधणं, ताप बघणं, ही कामं त्यांना पहिल्या दिवसापासून दिली तर ती लवकर मोकळी होतील, असं वाटतं. ओळखीचं काम हातात असलं की संकोच जातो.

शुश्रूषा

काळी_माती, सूचना मनापासून केली आहे हे कळतं, पण माझा याला ठाम विरोध आहे.

पट्टी हातात आली की ती माणसं पुन्हा ड्युटीवर जातील. संकोच जाईल हे खरं, कारण त्यांनी वर्षानुवर्षं संकोच, भीती, किळस सगळं त्या पट्टीच्या मागेच लपवलेलं असतं. ज्यापासून दोन पावलं मागे यायचं, तेच आपण पुढ्यात ठेवतो. निदान पहिले चार आठवडे घोडा हा रुग्ण नसला पाहिजे. तो धडधाकट असावा, त्याला यांच्याकडून काही नको असावं. काही नको असलेल्या जिवाशेजारी नुसतं उभं राहणं, हेच या लोकांना सगळ्यात जड जातं.

मनोमित्र

शुश्रूषाताईंशी सहमत. एक भर घालतो. रणांगणावर किंवा मोठ्या अपघातात जखमींची वर्गवारी करणाऱ्याला कुणाला थांबवून ठेवायचं हे ठरवावं लागतं. त्याचा ताण भीतीपेक्षा वेगळा असतो. आपण चुकीचं वागलो, ही टोचणी त्यात असते. जखमी घोडा त्याच्यासमोर आणलात आणि त्या घोड्याचं बरं-वाईट झालं, तर त्या टोचणीत भरच.

पण पाचव्या आठवड्यात एक वैद्यकीय गोष्ट जरूर करावी : नाडी मोजणं. घोड्याच्या जबड्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने बोटं ठेवली की धमनी सापडते. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४. माणसाच्या ७०-८० ची सवय असलेला हात गडबडतो, १५ सेकंद मोजून चारने गुणायला जातो. इथे पूर्ण मिनिट मोजायला लावायचं, आकडा कुठेही लिहायचा नाही. श्वास ८ ते १६. तोही बघायचा.

परभणीकर_पशुवैद्य

आरोग्याचा भाग राहिला होता. हा वैद्यकीय लोकांचा गट आहे, म्हणून जरा खोलात लिहितो.

पहिलं आणि अटळ : ग्लँडर्स. हा जिवाणूजन्य रोग घोड्यातून माणसाला होतो. यात्रेतून घोडा घेण्याआधी, निदान रिंगणात आणण्याआधी, रक्ततपासणीचा निर्दोष अहवाल हवा. नमुना जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागामार्फत पाठवा. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या तपासणीसाठी प्रमाण मानलं जातं. २००९ च्या कायद्याने हा रोग कळवणं बंधनकारक आहे. सोबत संसर्गजन्य रक्तक्षयाची तपासणी करा. पावसाळ्यानंतर मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग होतो. चढ-उताराचा ताप, पायावर सूज, खाऊनही खंगत जाणं दिसलं की रक्ताची काचपट्टी तपासून घ्या. नवा घोडा ३० दिवस वेगळा, त्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा.

धनुर्वात घोड्याला फार पटकन होतो. घोड्यांना त्याची लस (टॉक्सॉइड) द्या, माणसांचाही दहा वर्षांच्या आतला डोस झालेला असू द्या. रेबीजची लसही घोड्यांना द्या, कारण शिवारात मोकाट कुत्री आहेतच.

रुग्णालयातून येणाऱ्यांसाठी खास सूचना. वॉर्डातले कपडे-बूट घालून पागेत येऊ नये आणि पागेतले घालून वॉर्डात जाऊ नये. औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस माणसाकडून घोड्याला आणि घोड्याकडून माणसाला जाऊ शकतो. हात आधी आणि नंतर साबण-पाण्याने. सॅनिटायझर लावून आल्यास तो धुऊनच घोड्याला हात लावा. स्पिरिटच्या उग्र वासाने घोडा तोंड फिरवतो आणि माणसाला वाटतं, याला मी आवडलो नाही. हातावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी खरारा नाही.

चारा. घोड्याचं वजन काट्याशिवाय काढायचं असेल तर छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १६५, लांबी १५० असेल तर वजन येतं सुमारे ३४४ किलो. याच्या २ टक्के, म्हणजे ७ किलोच्या आसपास सुका चारा, दिवसभरात तीन-चार वेळा विभागून. हलक्या कामाला खुराक दीड किलोच्या वर नको. जव, थोडा भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा. मीठ ३० ते ५० ग्रॅम. लसूणघास असेल तर चाऱ्यापैकी पाव भाग, जास्त नाही.

इथेच लोक चुकतात. आपल्याकडे सगळीकडे ज्वारी, म्हणून घोड्यालाही हिरवी ज्वारी टाकतात. कोवळ्या ज्वारीने गाई-बैलांना किराळ लागतं, म्हणजे विषबाधा होते, हे सर्वांना माहीत आहे. घोड्यात हिरव्या ज्वारीने मूत्राशय आणि मागचे पाय निकामी होतात, लघवी थेंबथेंब गळत राहते. चांगला वाळलेला, बुरशी नसलेला कडबा कुट्टी करून थोडा चालतो. बुरशी आलेला मका तर थेट मेंदूवर जातो. आणि गाई-म्हशींचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य कधीही नाही. त्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असू शकतं. त्याची थोडी मात्राही घोड्याचं हृदय बंद पाडते. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं चुकीचं बाहेर येत नाही.

पोटशूळ ओळखा : जमीन उकरणं, वळून कुशीकडे बघणं, पुन्हापुन्हा आडवं होऊन लोळणं, लीद बंद. खाणं काढून घ्या, पशुवैद्याला बोलवा. वाट बघू नका.

हर्सूल_सावंगी

खूपच मोलाची माहिती. उन्हाळ्यातलं वेळापत्रक आणि पहिल्या दिवसाची मिनिटावार आखणी कुणी देईल का? आणि काही गंभीर दुखापत झाल्यास परभणीला न्यावं की उदगीरला?

परभणीकर_पशुवैद्य

पशुवैद्यकीय महाविद्यालयं दोन्हीकडे आहेत. पण संभाजीनगरहून पोटशूळाचा घोडा इतक्या लांब हलवणं बहुतेक वेळा उशीरच ठरतं. तासाभरात जागेवर पोहोचणारा, घोड्यांचा सराव असलेला पशुवैद्य आधी ठरवा, मगच घोडे आणा.

उन्हाळा : मार्च ते जूनमध्ये सकाळी सव्वासहा ते पावणेआठ, त्यापुढे नाही. एक ढोबळ नियम : फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रता यांची बेरीज १५० च्या पुढे गेली की काम हलकं करा, १८० ला थांबवा. घोडा तापला तर सावलीत घेऊन अंगभर पाणी ओतत राहा. ओलं गोणपाट पाठीवर टाकून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा. दोन सेकंदांत रंग परत आला नाही तर पाण्याचा तुटवडा झालेला आहे. उपक्रमाला सर्वांत चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

एका घोड्याला दिवसात दोन सत्रं, प्रत्येकी तासभर, याहून जास्त नाही. आठवड्यात दोन दिवस पूर्ण मोकळा, इतर घोड्यांसोबत. एकटा ठेवलेला घोडा कितीही खाऊ घाला, अस्वस्थच राहतो.

मनोमित्र

पहिल्या दिवसाची आखणी अशी.

रिंगणात तिघे हवेत : मानसिक आरोग्याचा जाणकार, घोड्याचा जाणकार आणि फाटकावर एक मदतनीस. पहिला माणसांकडे बघतो, दुसरा घोड्यांकडे. एकाच माणसाने दोन्ही करू नये. यात भल्याभल्यांची चूक होते.

पहिली १० मिनिटं सावलीत पाणी आणि सुरक्षेचे नियम. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घडी करून मुठीत धरायचा. घोड्याला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं, फक्त कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, तिरकं आणि बोलत जायचं. मागून जायचंच असेल तर हात अंगावर ठेवून अगदी चिकटून, किंवा मग १० फूट लांबून. बसकण मारायची नाही, गुडघा टेकायचा नाही. पायात बंद बूट.

नंतर २० मिनिटं कुंपणाबाहेर उभं राहून नुसतं बघणं. दोन घोडे मोकळे, दोर नाही. कुणी काही समजावून सांगायचं नाही. वैद्यकीय माणूस पाच मिनिटांत निदान करू लागतो : हा लंगडतोय, त्याचं पोट सुटलंय. करू द्या.

मग एकेक जोडी आत. २५ मिनिटं. काम एकच : घोड्याच्या दिशेने चालत जा, त्याने कान वळवला किंवा मान उचलली की थांबा, त्याने पाहिलं की एक पाऊल मागे या. घोडा निघून गेला तर जाऊ द्या. त्याच्यामागे जायचं नाही. तो परत आला नाही, तरी सत्र यशस्वीच समजा. गूळ, गाजर, काही नाही. हातून खाऊ दिला की चार आठवड्यांत घोडा खिसे चावायला लागतो.

१० मिनिटं काहीच नाही. सावलीत पाणी पिणं.

शेवटची २५ मिनिटं बोलणं. ‘कसं वाटलं’ हा प्रश्न विचारू नका. लष्करातला माणूस ‘चांगलं वाटलं, सर’ म्हणेल आणि विषय संपेल. विचारा : घोडा कुठल्या क्षणी वळला? तेव्हा तुमचे पाय कुठे होते? श्वास चालू होता की रोखलेला? यातून जे यायचं ते येतं. आलं नाही तर ओढून काढू नका.

पुढचे आठवडे थोडक्यात : दुसऱ्यात हेच पुन्हा, तिसऱ्यात खरारा, चौथ्यात मोहोरकी घालून १० फुटी दोराने चालवणं, पाचव्यात नाडी आणि मोकळ्या घोड्यासोबत अडथळे, सहाव्यात जोडीने न बोलता घोडा नेणं, सातव्यात गटाने स्वतः काम ठरवणं. आठव्या आठवड्यात निरोप, आणि तो ठरवून घ्या. एरवी निरोप न घेताच रुग्ण पुढच्या रुग्णालयात जातो, त्याचं पुढे काय झालं ते या लोकांना कधी कळत नाही.

लोह्याचा_नालबंद

खराऱ्याबद्दल एक. गोल खरारा मांसल भागावरच फिरवा, मान, खांदा, पुठ्ठा. गुडघ्याखाली आणि तोंडावर मऊ ब्रश नायतर कापड. मानेकडून मागं, केसांच्या दिशेनं. पोटाखाली पयल्याच दिवशी जाऊ नका, कैक घोड्यांना गुदगुल्या होत्यात अन् लाथ बसती.

बांधायची गाठ एका झटक्यात सुटणारी. खांद्याच्या उंचवट्याएवढ्या उंचीवर, दोन-अडीच फूट दोर ठेवून, आन् खुंट्याला सरळ न बांधता मधी सुतळीचा फास घाला. घोडं बिचकून मागं ओढलं तर सुतळी तुटू द्या. मान मोडण्यापरीस ते बरं.

शुश्रूषा

मनोमित्र, तिसऱ्या आठवड्याबद्दल शंका. खरारा करताना काही जणांना रडू येतं. मदतनीसाने काय करावं?

मनोमित्र

घोड्याच्या जाणकाराने घोड्यावर लक्ष ठेवावं आणि मदतनीसाने फाटकाशीच थांबावं. पाठीवर थोपटायला धावू नये. मानसिक आरोग्याच्या जाणकाराने चार-पाच फुटांवर, त्या व्यक्तीच्या नजरेच्या टप्प्यात उभं राहून एवढंच म्हणावं, ‘मी इथेच आहे.’ घोडा अस्वस्थ झाला तर घोड्याच्या जाणकाराने दोर शांतपणे काढून घ्यावा आणि ‘घोड्याला जरा मोकळं करतो’ असं सांगावं, म्हणजे दोष त्या व्यक्तीकडे जात नाही. बाकीच्यांनी आपलं काम चालू ठेवावं. त्या दिवशी ती व्यक्ती एकटी गाडी चालवत घरी जाणार नाही याची सोय करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोन.

हर्सूल_सावंगी

सर्वांचे मनापासून आभार. ठरवलेलं लिहितो : पहिला गट निवृत्त कर्मचाऱ्यांचा, नोव्हेंबरच्या मध्यापासून. घोडे पुढच्या यात्रेची वाट न बघता आधी घ्यावे लागतील, म्हणजे तपासणी आणि ३० दिवसांचं विलगीकरण ऑक्टोबरअखेर पूर्ण होईल. रिंगणाचं खोदकाम पाऊस उघडल्यावर. पट्टी-मलम पागेतल्या कपाटात कुलूपबंद, किल्ली घोड्याच्या जाणकाराकडे.

एक राहिलं. नाल ठोकलेले घोडे आले तर तसेच ठेवावेत का?

लोह्याचा_नालबंद

काढून टाका. वाळूवरच्या कामाला नाल लागत नाही, अन् कुणाच्या पायावर पाय पडलाच तर बिननालाचा बरा. नाल काढल्यावर कडा गोल घासून घ्या, नायतर चिरत्यात. मग दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर साळायचे. पयले पंधरा दिवस घोडं खडीवरून चालवू नका, तळवा कोवळा असतो.